रात्री घरातल्या पोर्ट्रेटसाठी फ्लॅशचा उजेड मऊ कसा करायचा?

पागोळी:

नमस्कार मंडळी. कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा), लेन्स १८-५५ आणि ५० मिमी एफ/१.८. हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) बसणारा फ्लॅश आहे, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचं माप) ६०, हेड वर आणि दोन्ही बाजूंना वळतं. सोबत पांढरी प्लास्टिकची टोपी आली आहे. रात्री, घरातल्या दिव्यांच्या उजेडात माणसांचे फोटो काढायचेत. सध्याचं सेटिंग: एम (मॅन्युअल) मोड, १/२००, एफ/५.६, आयएसओ १००, फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे ताकद कॅमेराच मोजून ठरवतो), टोपी लावून सरळ समोर.

अडचणी अशा: नाकाखालची सावली एकदम धारदार, कपाळ आणि गाल तेलकट चमकतात, मागे भिंत जवळ असेल तर तिच्यावर काळी सावली आणि लांब असेल तर सगळंच काळंकुट्ट. शिवाय चेहरा निळसर दिसतो नि खोली नारिंगी. टोपी काढली काय आणि ठेवली काय, फरक शून्य. सॉफ्टबॉक्सच्या मागे लागण्याआधी आहे त्या सामानात काय जमेल?

तिरीप:

टोपीपासूनच सुरुवात करू, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. उजेड मऊ आहे की कडक, हे तो कशातून गाळून आलाय यावर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर उजेडाचा उगम केवढा दिसतो, यावर ठरतं. फ्लॅशची काच साधारण ७ सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच असते. टोपी घातली की तिची झाली ८-९ सेंमी. दोन मीटरवरून दोन्ही ठिपकेच. म्हणून नाकाची सावली जशीच्या तशी राहते, फक्त फ्लॅशची ताकद वाया जाते. पाकिटावर ‘सॉफ्ट’ छापलं म्हणून उजेड मऊ होत नाही.

तेलकट चमकेचंही तेच. ती चमक म्हणजे कातडीत उमटलेलं फ्लॅशचं प्रतिबिंब. उगम छोटा असला की ते छोटं आणि भगभगीत दिसतं. तेवढाच उजेड मोठ्या पृष्ठभागावरून आला की प्रतिबिंब पसरतं आणि फिकं पडतं. फोटोआधी टिश्यूने कपाळ, नाक आणि वरचा ओठ टिपून घ्या (घासू नका, त्वचा लाल होते), पण खरा उपाय उगम मोठा करणं हाच.

तुमच्याकडे त्यासाठी फुकटातली सोय आहे: छत. पांढरं किंवा फिकट असेल तर हेड वर करा. छतावर मीटर-दीड मीटरचा उजेडाचा डाग पडतो आणि तोच तुमचा नवा दिवा होतो. मात्र ‘४५ अंशांवर ठेवा’ हा जो सरसकट सल्ला मिळतो, तो जवळच्या पोर्ट्रेटला घातक आहे. हिशोब करून बघा. छत ३ मीटर, माणूस बसलेला म्हणजे चेहरा १.२ मीटरवर, फ्लॅश १.४ मीटरवर, दोघांत अंतर २ मीटर. हेड ४५ अंशांवर ठेवलं तर डाग फ्लॅशपासून १.६ मीटर पुढे, म्हणजे चेहऱ्याच्या जेमतेम ४० सेंमी अलीकडे पडतो. उजेड जवळपास डोक्यावरूनच येतो, ७५ अंशांहून जास्त उंचीवरून. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, नाकाची सावली ओठांवर. हेड ६० अंशांवर नेलं की उजेड सुमारे ६० अंशांनी येतो, बरं दिसतं. सरळ ९० अंशांवर नेलं की डाग तुमच्याच डोक्यावर पडतो आणि चेहऱ्यावर उजेड साधारण ४२ अंशांनी उतरतो. पोर्ट्रेटला हवा तो हाच कोन. माणूस ४-५ मीटर लांब असेल तेव्हा ४५ अंश ठीक. जवळ असेल तर हेड उभं, किंवा चक्क मागे, तुमच्या खांद्यावरून.

आता छतापेक्षा चांगली गोष्ट: बाजूची भिंत. तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला पांढरी भिंत असेल तर हेड तिकडे आणि थोडं वर वळवा, म्हणजे भिंत आणि छत जुळतात त्या कोपऱ्याकडे. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी किंचित सावलीत. गालाला गोलाई येते. नुसत्या छताच्या उजेडात ती येत नाही. माणसाला नाक किंचित त्या भिंतीकडे वळवायला सांगा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. हेड वळवलं तरी काचेच्या कडेतून थोडा उजेड थेट चेहऱ्यावर जातोच आणि मऊ उजेडावर कडक उजेडाची फोडणी बसते. २-३ मिमी जाडीची काळी फोम शीट घ्या, १० सेंमी रुंद आणि १५ सेंमी लांब पट्टी कापा आणि माणसाच्या बाजूने हेडभोवती केसांच्या रबराने बांधा. ५-६ सेंमी वर डोकावू द्या. खात्री करायची असेल तर समोरच्याला विचारा, “फ्लॅशची काच दिसतेय का?” दिसत असेल तर थेट उजेड पोचतोय. पट्टी सरकवा.

हेडचा झूम हाताने ५० मिमीवर ठेवा. बरेच फ्लॅश हेड वळवल्यावर आपोआप तिथेच जातात, पण १०५ किंवा २०० वर अडकलेला असेल तर छतावर छोटा तेजस्वी डाग पडतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

ताकदीचं गणित: डब्यावरचा ६० हा गाइड नंबर बहुधा २०० मिमी झूमचा असतो, ५० मिमीवर साधारण ४० धरा. उजेडाचा प्रवास फ्लॅश ते छत १.६ आणि छत ते चेहरा २.७, एकूण ४.३ मीटर. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे अपर्चर: ४० भागिले ४.३ म्हणजे आयएसओ १०० ला पूर्ण ताकदीवर एफ/९. छत त्यातले दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खातं, उरतो एफ/४. म्हणजे आयएसओ १०० वर फ्लॅश प्रत्येक फोटोला पूर्ण रिकामा होणार, चार्ज व्हायला वेळ घेणार आणि थोड्या वेळात तापून बसणार. आयएसओ ८०० करा, तोच फोटो १/८ ताकदीत निघतो.

कातरवेळ:

तिरीप यांनी चेहऱ्याचं सांगितलं, मी मागच्या काळोखाचं सांगतो.

फ्लॅशचा उजेड शटरच्या वेळेवर अवलंबून नसतो. तो शटर उघडं असताना क्षणात येऊन जातो. १/२०० ठेवा नाहीतर १/३०, चेहऱ्यावर फ्लॅश तेवढाच. खोलीतल्या दिव्यांचा उजेड मात्र शटर जितकं जास्त वेळ उघडं तितका जास्त साठतो. अपर्चर आणि आयएसओ फ्लॅश नि खोली दोघांनाही लागू, शटर फक्त खोलीला. म्हणजे खोली किती उजळ दिसावी याचा नळ तुमच्या हातात वेगळा आहे, आणि तुम्ही तो बंद ठेवलाय.

तुमचं सेटिंग १/२००, एफ/५.६, आयएसओ १००. ते १/५०, एफ/४, आयएसओ ८०० करा. शटरचे २, अपर्चरचा १, आयएसओचे ३, असे ६ स्टॉप मिळाले. खोलीचा उजेड ६४ पट. काळोख गेला. एफ/४ ला २ मीटरवर ५० मिमी लेन्समध्ये पुढेमागे साधारण २५ सेंमी जागा फोकसमध्ये राहते, एका चेहऱ्याला पुरते. एफ/१.८ वर ती ११ सेंमीच्या आसपास येते, मान जरा वळली की लांबचा डोळा गेला.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी फ्लॅश बंद. फक्त खोलीसाठी एक्स्पोजर लावा, कॅमेऱ्यातलं उजेडाचं मीटर एक ते दीड स्टॉप कमी दाखवेल इतकं. नुसता फोटो काढून बघा: खोली संध्याकाळसारखी, माणूस अंधारा. मग फ्लॅश चालू करून फक्त चेहरा भरा. उलट क्रमाने गेलात की दोन्हीकडे चाचपडत बसता.

१/५० ला चेहरा हलेल ही भीती असते. चेहऱ्यावरचा खोलीचा उजेड फ्लॅशपेक्षा दोन स्टॉप तरी कमी असेल तर फ्लॅश चेहरा गोठवतो. पण माणूस दिव्याखालीच बसला असेल तर दुहेरी कडा दिसतात, कानाजवळ आणि केसांत सगळ्यात आधी. तेव्हा माणूस दिव्यापासून सरकवा, शटर वाढवत बसू नका. १/३० च्या खाली हातात धरून जाऊ नये. आणि खोलीतले एलईडी दिवे लुकलुकणारे असतील तर १/५० किंवा १/१०० वरच राहा. ५० हर्ट्झ विजेवर ते सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, मधल्या वेगांना फोटोत पट्टे येऊ शकतात.

टीटीएलबद्दल: पांढरे कपडे दिसले की ते फ्लॅश कमी करतं, काळे दिसले की चेहरा जाळतं. सुरुवात फ्लॅश कॉम्पेन्सेशन (टीटीएलने ठरवलेल्या ताकदीत आपण केलेली वाढ-घट) उणे ०.७ वर करा, पांढऱ्या कपड्यांना शून्यावर किंवा अधिक ०.७ वर आणा. माणूस आणि तुम्ही दोघं एका जागी असाल तर मला विचाराल तर सरळ मॅन्युअल. एकदा १/८ जुळलं की पुढचे सगळे फोटो सारखे येतात.

आता रंग. फ्लॅश ५५०० केल्विनच्या आसपास (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड नारिंगी), घरातले पिवळे दिवे २७०० ते ३०००. कॅमेऱ्याला एकच व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग) ठेवता येतो, म्हणून एक निळा नाहीतर दुसरा नारिंगी. उपाय: फ्लॅशच्या काचेवर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पट्टी). पूर्ण सीटीओ फ्लॅशला ३२०० केल्विनच्या जवळ आणतो, व्हाइट बॅलन्सही ३२०० वर ठेवा. चेहरा नैसर्गिक येतो आणि खोली किंचित उबदार राहते, ती तशीच राहू द्या. जेल पाऊण स्टॉपच्या आसपास उजेड खातो. दिवे ४००० केल्विनचे असतील तर अर्धा सीटीओ. पांढरे ६५०० चे एलईडी असतील तर जेल नको. जुन्या ट्यूबलाइटखाली हिरवी छटा येत असेल तर प्लस ग्रीन जेल लावायचा. नवख्यांना हे उलटं वाटतं, पण फ्लॅशही तितकाच हिरवा झाला की मग सगळ्याचा हिरवा एकदम काढता येतो.

ऑटो व्हाइट बॅलन्स नको. फ्रेम बदलली की तो रंग बदलतो.

भिंगरी:

टोपीला इतकं झोडपू नका हो. सरळ समोर तोंड करून ती निरुपयोगी, हे मान्य. पण लहान खोलीत, चारी बाजूंना पांढऱ्या भिंती आणि छत अडीच-तीन मीटरवर असेल तर टोपी लावून हेड ६०-७५ अंशांवर ठेवा. टोपी उजेड सगळीकडे फेकते, भिंती तो परत आणतात, आणि नुसत्या छताच्या उजेडात डोळ्यांखाली जी सावली राहते ती भरून निघते. डोळ्यांत चमकीचा ठिपकाही येतो. मोठ्या हॉलमध्ये मात्र तिचा उपयोग नाही, निम्मा उजेड परत येतच नाही.

टोपीऐवजी फ्लॅशमधून वर ओढायचं छोटं पांढरं कार्ड असतं तेही वापरून बघा. नसेल तर जाड पांढऱ्या कागदाचा ५ बाय ८ सेंमीचा तुकडा हेडच्या पाठीला रबराने बांधा, ३ सेंमी वर दिसू द्या. काळ्या पट्टीबरोबर हे वापरायचं नाही, दोघांची कामं उलट आहेत. छत उंच असेल तर कार्डही लहान करा, नाहीतर छतावरून येणारा उजेड क्षीण आणि कार्डाचा जोरकस, म्हणजे परत थेट फ्लॅशच झाला.

@कातरवेळ, १/३० च्या खाली जाऊ नये हे १८-५५ ला तितकं खरं नाही. त्यात स्थिरीकरण असेल आणि १८-२४ मिमीच्या बाजूला असाल तर १/१५ लाही खोली नीट येते. अर्थात समोरचा माणूस हलला तर त्याला स्थिरीकरण काही करू शकत नाही.

पागोळी:

खूप आभार. छताचा उपाय करून पाहिला, नाकाची सावली गेली. पण दोन प्रश्न उभे राहिले. बैठकीच्या खोलीला गडद लाकडी छत आहे आणि एक भिंत हिरवी. तिथे बाउन्स केला (उजेड छतावर किंवा भिंतीवर आपटून आणला) तर फोटो एक तर अंधारा, नाहीतर हनुवटीखाली हिरवट. अशा जागी काय? आणि चष्मा असेल तर काचांवर पांढरे चट्टे येतात.

काळी छत्री:

जिथे छत-भिंत दगा देतात तिथे भिंत आपण न्यायची. रंगीत भिंतीवरून आलेला उजेड तोच रंग घेऊन येतो आणि तो फक्त चेहऱ्याच्या एका बाजूला लागतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्सने निघत नाही. तिकडे हेड वळवायचंच नाही.

सगळ्यात सोपं: पांढरी थर्माकोलची शीट, ताणून धरलेली पांढरी चादर, किंवा १ मीटर व्यासाचा घडीचा रिफ्लेक्टर पांढऱ्या बाजूने. कुणाला तरी माणसाच्या बाजूला, चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर, ४५ अंशांत आणि चेहऱ्यापेक्षा उंच धरायला सांगा. फ्लॅशचं हेड तिकडे वळवा. फ्लॅश आणि शीट यांत मीटर-दीड मीटर अंतर राहू द्या. फार जवळ गेलात तर शीटच्या मधोमध छोटा डाग पेटतो आणि बाकीची शीट अंधारात, मग शीट कितीही मोठी असली तरी उगम डागाएवढाच.

मदतीला कुणी नसेल तर रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवण्यासाठी), लाइट स्टँड, छत्रीचा ब्रॅकेट आणि साधारण १ मीटरची पांढरी आरपार छत्री. सॉफ्टबॉक्स नंतर. फ्लॅशचं तोंड छत्रीच्या आत, झूम २४ ते ३५ मिमी, दांडा इतकाच आत सरकवायचा की उजेड छत्री कडेपर्यंत भरेल आणि बाहेर सांडणार नाही. छत्री चेहऱ्यापासून १ मीटरवर, एका बाजूला ४५ अंश, मध्य डोक्याच्या वर आणि खालची कड हनुवटीच्या पातळीला. सुरुवातीचं सेटिंग आयएसओ ४००, एफ/४, मॅन्युअल १/३२. आयएसओ ८०० वर असाल तर १/६४. त्यानंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-अंधाऱ्या भागांचा आलेख) बघून एकेक पाऊल वरखाली.

लोक छत्री घेतात आणि ती तीन मीटरवर कोपऱ्यात उभी करतात, मग म्हणतात मऊ उजेड येत नाही. तीन मीटरवर मीटरभराची छत्री ही पुन्हा लहान झाली. फ्रेममध्ये शिरत नाही तेवढी जवळ आणा. जवळ आणल्याचा दुसरा परिणाम लक्षात ठेवा: १ मीटरवरून २ मीटरवर उजेड चौथा हिस्सा होतो. एकट्या माणसाला हे छान, मागची हिरवी भिंत आपोआप मावळते. पण दोघं बसले असतील, एक छत्रीपासून १ मीटरवर आणि दुसरा दीडवर, तर दुसऱ्याला निम्म्याहून कमी मिळतो. तेव्हा छत्री दोन-अडीच मीटर मागे न्या, किंवा तिचं तोंड लांबच्या माणसाकडे वळवा, म्हणजे जवळच्याला फक्त कडेचा उजेड लागतो.

आरपार छत्री मागेही बराच उजेड सांडते. पांढऱ्या खोलीत तो भराव म्हणून उपयोगी, पण तुमच्या हिरव्या भिंतीजवळ नको. छत्री आणि माणूस भिंतीच्या विरुद्ध टोकाला घ्या. तिथेच शूट करायचं असेल तर मात्र ६० बाय ६० सेंमीचा, आत दुसरा पडदा असलेला सॉफ्टबॉक्स बरा. आतला पडदा काढून टाकू नका, काढला की मध्ये तेजस्वी गोळा दिसतो. स्टँडच्या पायाला वजन बांधा. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या चालतात. छत्री पंख्याच्या झोतातही पडते.

मागच्या भिंतीवरची सावली घालवायला माणसाला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे घ्या. सावली नाहीशी होत नाही, फ्रेमबाहेर खाली पडते आणि विरळ होते.

चष्मा: परावर्तनाचा नियम साधा, उजेड ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परत जातो. दिवा वर न्या, माणसाला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगा, चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा-एक सेंमी उचला म्हणजे काचा खाली झुकतात. फोटो मोठा करून तपासल्याशिवाय माणसाला उठवू नका. छोट्या पडद्यावर चट्टा दिसत नाही.

कातरवेळ:

@पागोळी, गडद लाकडी छत अडीच-तीन मीटरवर असेल तर ते तीन-चार स्टॉप खातं आणि वर तपकिरी रंग देतं. तिथे आयएसओ ३२०० करून बाउन्सचा हट्ट धरू नका. छत्रीच बरोबर.

पागोळी:

छत्री घेतो. शेवटचं: घरात दुसऱ्या कॅमेऱ्याला फक्त उघडणारा छोटा फ्लॅश आहे, आणि काही वेळा नुसता मोबाइल हातात असतो. आणि टीटीएलवर निम्म्या फोटोंत डोळे मिटलेले येतात, ते का?

तिरीप:

उघडणाऱ्या फ्लॅशवर टिश्यू लावायची युक्ती सगळीकडे फिरते. टोपीसारखीच ती, उगम मोठा होत नाही. त्याचा गाइड नंबर १० ते १२. समोर ४५ अंशांत पांढरं कार्ड धरून उजेड छताकडे वळवता येतो, पण आयएसओ १६०० आणि एफ/२.८ च्या आसपास जावं लागतं. त्यापेक्षा तो फ्लॅश मुख्य दिवा म्हणून वापरूच नका. माणूस दिव्याजवळ आणा, त्याच्या उजेडात एक्स्पोजर लावा आणि फ्लॅश उणे १.७ वर ठेवा, फक्त डोळ्यांखालच्या सावलीपुरता. लेन्सचं हूड काढा, नाहीतर फ्रेमच्या तळाला गोल सावली येते. लाल डोळे याच फ्लॅशला येतात, कारण तो लेन्सला चिकटून असतो आणि अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. खोलीतले दिवे चालू ठेवले की बाहुल्या लहान होतात.

मोबाइलचा एलईडी फ्लॅश विसरा. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च पांढऱ्या भिंतीवर मारा, चेहरा भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटरवर, आणि मुख्य मोबाइलचा फ्लॅश बंद. एक्स्पोजर चेहऱ्यावर बोट दाबून धरून कुलूपबंद करा आणि थोडं खाली ओढा. फोन टेकवूनच ठेवा.

डोळे मिटण्याचं कारण टीटीएलचा आधीचा छोटा चमकारा. मीटरिंगसाठी फ्लॅश मुख्य चमकाऱ्याच्या किंचित आधी एकदा उजळतो, आणि ज्यांचे डोळे पटकन प्रतिक्रिया देतात ते मुख्य चमकाऱ्यापर्यंत मिटतात. रिअर कर्टन सिंक (मुख्य चमकारा शटर बंद होण्याच्या जरा आधी) लावून संथ शटर ठेवलं असेल तर दोन्हींमधलं अंतर आणखी वाढतं, म्हणून फ्रंट कर्टनवर (चमकारा शटर उघडताच) या. मॅन्युअलवर तो आधीचा चमकारा नसतोच. टीटीएल सोडायचा नसेल तर कॅमेऱ्यात फ्लॅश एक्स्पोजर लॉक असतं, बहुतेक मॉडेलमध्ये ते एखाद्या बटणाला जोडता येतं. ते दाबलं की चमकारा तेव्हाच होऊन जातो. दोन सेकंद थांबा, माणसाची पापणी पडून डोळे उघडले की शटर दाबा.